१६ अंशांतलं ऊन

विदर्भातल्या घाटंजी तालुक्यात वाढलेल्या माणसाला ऊन म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही, असं मला इथं येईपर्यंत वाटत होतं. नवतपा लागला की आमच्या गावात सकाळी दहाच्या आत वावरातलं काम आटोपतं. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरी आलं की कैरीचं पन्हं. ४५-४६ अंश आम्ही अंगावर काढलेत. त्यामुळे न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागो भागातल्या फळबागेत, माझ्या पहिल्याच नोव्हेंबरात, मुकादम बाई "टोपी घाल" म्हणाली तेव्हा मी हसून मान हलवली. हवा १६ अंश होती. आभाळात पातळ ढग आणि वारा असा की स्वेटर काढवत नव्हता. जर्दाळूची विरळणी चालली होती. शिडीवर चढून, मान खाली घालून, दाटीनं लागलेली कोवळी फळं तोडून टाकायची. दिवसभर तेच केलं.

रात्री आंघोळीचं पाणी मानेवर पडलं आणि मी ओरडलेच. मान, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या नुसत्या पेटल्या होत्या. चौथ्या दिवशी मानेवरचं कातडं पापुद्र्यासारखं निघायला लागलं. मायला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "तिकडं तं थंडी हाय म्हणतं ना वं? मंग ऊन कायचं लागते तुले?"

तिचा प्रश्न रास्त होता. मला तरी कुठं उत्तर माहीत होतं?

त्या दिवशी काय झालं ते मी नंतर समजून घेतलं. उन्हात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक चटका, तो आपल्याला कळतो. दुसरे अतिनील किरण, ते ना दिसतात ना जाणवतात. हवा गार असली तरी ते कमी होत नाहीत आणि पातळ ढगातून सहज उतरतात. इथं हवामानाच्या अंदाजात तापमानाशेजारी आणखी एक आकडा असतो, यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा जोर. तो ३ किंवा त्याहून वर गेला की अंग झाका, ११ पासून पुढं अतितीव्र. माझ्या त्या १६ अंशांच्या दिवशी आकडा ९ होता. मी तापमान तेवढं पाहिलं होतं.

आमच्या बागेपासून मोटारीनं अर्ध्या तासावर लॉडर नावाची छोटीशी वस्ती आहे. चार घरं, भोवती मेंढ्यांची कुरणं, आणि कडेला वातावरण मोजणारं केंद्र. तिथं अनेक वर्षांपासून वरचा ओझोन आणि खाली येणारे अतिनील किरण मोजले जातात. सुट्टीच्या दिवशी मी सायकलनं तिथवर गेले होते. आत काही जाता येत नाही, कुंपणाबाहेरूनच पाहिलं. गावाकडं पर्जन्यमापक असतो तसं, पण इथं आभाळातून येणाऱ्या किरणांचं माप काढतात, हे पाहून मला फार भारी वाटलं.

ओझोनचा थर जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर पसरलेला आहे. ऐकायला तो केवढा तरी वाटतो, पण तो सगळा ओझोन जमिनीवर आणून दाबून ठेवला तर जेमतेम ३ मिलिमीटर जाडी भरेल. आपल्या आणि सूर्याच्या मध्ये एवढाच काय तो पदर. जुन्या फ्रीजमधला, स्प्रेच्या डब्यातला सीएफसी वायू वर चढला की अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातला क्लोरीन मोकळा होतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू मोडू शकतो. रोलंड आणि मोलिना या दोन शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच हा धोका सांगितला होता. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन तिथल्या वसंतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, किती घसरतोय ते आकड्यांनिशी मांडलं, तेव्हा जग खडबडून जागं झालं. यालाच ओझोनचं भोक म्हणतात.

आता एक गैरसमज. गावाकडून मला दर उन्हाळ्यात विचारतात, "तुमच्या डोक्यावरच हाय ना ते भोक?" नाही. ते भोक अंटार्क्टिकावर असतं. ऑगस्टच्या सुमारास उघडतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात विरतं. ते मोडताना कमी ओझोनच्या हवेचे काही पट्टे इथवर येतात, पण इथलं ऊन मुळातच तिखट आहे. इथल्या उन्हाळ्यात, जानेवारीत, पृथ्वी सूर्याच्या जास्त जवळ असते, हवेत धूळ-धूर नाही, आणि ओझोनही उत्तरेतल्या तेवढ्याच अक्षांशापेक्षा कमी. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या तशाच जागेपेक्षा इथं उन्हाळ्यात अतिनील किरण ४० टक्क्यांपर्यंत जास्त. त्यात माणसं गोरी. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया जगात सगळ्यात पुढं आहेत.

हे वाचून कळणं वेगळं आणि पाहून कळणं वेगळं. आमच्या बागेचे मालक सत्तरीचे आहेत. त्यांच्या डाव्या कानाची वरची कड नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, यंत्रात गेली असेल. एकदा चहाच्या सुट्टीत त्यांनी आपणहून सांगितलं, कर्करोग होता, कापून काढला. हातांवर असे पांढरे वण सात-आठ. तरुणपणी उघड्या अंगानं बागभर फिरलो, आता डॉक्टर दर सहा महिन्यांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासतात, म्हणाले. नातू आला की आधी त्याच्या डोक्यावर टोपी आहे का ते पाहतात, मग त्याला कडेवर घेतात.

दुसरा गैरसमज आपल्याकडचा, आणि तो मला जास्त सलतो. ओझोनला भोक पडलं म्हणून विदर्भात ऊन वाढलं, हे मी शाळेत ऐकलं आणि आजही लोक छातीठोकपणे सांगतात. पारा चढतोय त्याचं मुख्य कारण कोळसा-तेल जाळून साठलेला कार्बन डायऑक्साइड. ओझोनची गोष्ट वेगळी, आणि ती तर बरी चाललीय! १६ सप्टेंबर १९८७ ला सीएफसीसारखे ओझोन मोडणारे वायू बंद करायचा माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात आला, २०१० पर्यंत आपल्याकडचा सीएफसीचा वापर जवळजवळ बंद झाला. पुढं जगातल्या एकूण एक देशांनी तो करार मान्य केला. अंटार्क्टिकावरचा थर साधारण २०६६ पर्यंत १९८० सारखा होईल आणि आपल्या भागात २०४० च्या सुमारास, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. या करारामुळं एकट्या अमेरिकेत, १८९० ते २१०० या काळात जन्मलेल्या लोकांमध्ये, त्वचेच्या कर्करोगाचे ४४ कोटींहून जास्त रुग्ण टळतील असा तिथल्या सरकारी पर्यावरण खात्याचा हिशेब आहे. त्याच हिशेबात दुसरा आकडा होता, टळणारे मोतीबिंदू ६ कोटी ३० लाख. तिथं मी थांबले.

कारण माझ्या मायला ५३ व्या वर्षी मोतीबिंदू झाला.

डॉक्टरांनी सांगितलं की कारण एकच नसतं. वय, साखर, चुलीचा धूर, ऊन, सगळंच. मला त्यावर वाद घालायचा नाही. पण एवढं खरं की आपल्या सावळ्या कातडीला रंगद्रव्याचं संरक्षण आहे, म्हणून त्वचेचा कर्करोग आपल्यात कमी. डोळ्यातल्या भिंगाला तसलं काही नाही. वर्षानुवर्षं किरण झेलून त्यातली प्रथिनं बिघडतात आणि ते गढूळ होत जातं. त्यात विषुववृत्ताकडच्या भागात ओझोनचा थर मुळातच पातळ असतो, तिथं कुठलं भोक पडावं लागत नाही.

माय मेच्या उन्हात कधी उघड्यावर राहिली नाही. ती राबली ती दसऱ्यानंतर, कापूस वेचायला. हिवाळ्याचं कोवळं ऊन, पाठ शेकल्यासारखं बरं वाटतं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. पण डिसेंबरातही आपल्याकडं भर दुपारी यूव्ही इंडेक्स ६ च्या आसपास असतो. तिशी-पस्तिशीतली माय मला अजून तशीच दिसते. लुगड्यावर बाबांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला गच्च बांधलेला दुपट्टा, पोटाशी कापसाची ओटी. अंग झाकायचं ज्ञान आपल्या बायांकडं इथल्यांपेक्षा कितीतरी आधीपासून आहे. उघडे राहिले ते फक्त डोळे.

मागच्या वर्षी मी तिला गॉगल घे म्हटलं. "गॉगल लावून वावरात गेली तं बाया हासतीन मले," ती म्हणाली. आणि बाजारातला नुसता काळ्या काचेचा स्वस्त गॉगल घेणं त्याहून वाईट. अंधारात बाहुली मोठी होते आणि काच किरण अडवत नसेल तर डोळ्यात उलट जास्तच शिरतात. किरण अडवणारा म्हणजे ज्यावर यूव्ही ४०० लिहिलेलं आहे तो हवा.

तोड मला आमच्याच बागेत सापडली. छाटणीच्या वेळी फांदी डोळ्यात जाऊ नये म्हणून आम्हाला पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक चष्मे देतात. काच काळी नाही, पण हे प्लास्टिक अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतं. बाजूनंही झाकलेला, वजनाला काहीच नाही, आणि लांबून पाहिलं तर वाचायचा चष्मा वाटतो. कारखान्यांसाठी लागणारं सामान विकणाऱ्या दुकानात तुमच्याकडंही मिळेल. वर दुपट्टा कपाळावर थोडा पुढं ओढून घ्यायचा, म्हणजे सावली पडते.

दिवाळीला गावाकडं निघालेल्या एका ओळखीच्या घरी मी दोन चष्मे दिले, एक मायला, एक काकूला. काल मायचा फोन आला. दिवसभर लावून वेचणी केली, डोळ्यांची आग कमी होती, पऱ्हाटीचं टोक लागलं नाही, म्हणाली. मग थोडं थांबून, "अजून पाच धाडशीन काय वं? आमी सात जणी असतो."