सांडशीत डिझाइन करण्यासारखं काय असतं?

मी स्वयंपाकघरातली भांडी डिझाइन करते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो, की पातेलं नि सांडशी तर आधीपासून आहेतच, त्यात तुम्ही करता काय? आता तुम्हीपण विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या पातेल्याला दांडा नसतो, कानही नसतात. म्हणूनच पाच-सहा पातेली एकात एक बसतात आणि सगळ्यांना मिळून एकच सांडशी पुरते. ती पुरते कशी, तर पातेल्याचा काठ बाहेर वळवलेला असतो, त्याने पातळ पत्र्याला ताठपणा येतो आणि सांडशीचं तोंड त्याच्याखाली अडकतं, नुसत्या दाबावर भांडं धरावं लागत नाही. म्हणजे ही जोडी आहे. हल्ली जाड, सरळ कडेची भांडी मिळतात, दिसतात सुंदर, पण काठच नाही तर सांडशी धरणार कशाला? आत उकळतं दूध असतं हो.

आता सांडशी. रिव्हेटपासून, म्हणजे दोन्ही दांडे जोडणाऱ्या खिळीपासून, तोंड ५ सेंमी आणि दांडे १५ सेंमी असले तर हाताचा जोर तोंडाशी साधारण तिप्पट होतो. मग दांडे अजून लांब का नाही करायचे, तर तोंड तेवढंच उघडायला ते जास्त फाकवावे लागतात आणि लहान मुठीत मावत नाहीत. भांडं धरल्यावर दोन दांड्यांत बोटभर फट उरायलाच हवी, नाहीतर तळहात चिमटतो. रिव्हेट फार घट्ट असेल तर एका हाताने उघडत नाही, सैल असेल तर तोंडं समोरासमोर येत नाहीत. आणि दांड्याच्या पत्र्याची कड आत दुमडणं, त्याने कारखान्यात प्रेस मशीनवर एक काम वाढतं म्हणून कारखानेवाले ते गाळायला बघतात, मी त्यासाठी दर वेळी भांडते. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण स्टीलपेक्षा दहा पटींहून जास्त उष्णता वाहतं, म्हणून सांडशी स्टीलचीच बरी.

१९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला जो अहवाल दिला, ज्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी साध्या लोट्याचं भरभरून कौतुक केलंय. पाणी किती मावावं, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा राहतो, असे प्रश्न त्यांनी मांडले. माझंही काम तेच, फक्त माझ्या प्रश्नांत ओले हात असतात, कणकेने भरलेले असतात, सांधे दुखणाऱ्या आजीचे असतात.

सांडशी घ्यायला गेलात तर दुकानातलंच एखादं पातेलं पाण्याने भरून मागा आणि उचलून बघा, रिकाम्या पातेल्यावर काहीच कळत नाही.