तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं ऐकून झोप लागते का?

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांशी बोलायला गेले की शेवटी एक हात वर होतोच. "ताई, अत्याचाराची एवढी प्रकरणं ऐकता, मग रात्री झोप लागते का?" विचारणारीला माझ्या झोपेपेक्षा स्वतःच्या उद्याची काळजी असते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लागते. ती लागावी अशी सोय आमच्या नागपूरच्या संस्थेत आम्ही मुद्दाम केली आहे.

माणूस नुसत्या भयंकर गोष्टी ऐकून थकत नाही, कोर्टाच्या तारखांनी थकतो. दलित-आदिवासींवरच्या अत्याचारांविरुद्धचा ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा, असं त्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात वर्षं जातात. साक्षीदार फिरतो, गावातून समझोत्यासाठी निरोपावर निरोप येतात, आणि पीडित बाई तेच दुःख पुन्हा पहिल्यापासून सांगते. हे एकट्याने झेलणारी, जीव लावून काम करणारी किती पोरं मी गळताना पाहिली!

म्हणून हकीकत ऐकायला आमच्याकडे कुणी एकटं जात नाही. एक बोलते, दुसरी लिहून घेते. येताना एसटीत केसबद्दल बोलता येत नाही, चार लोकांचे कान असतात. गणेशपेठ स्टँडवर उतरून आधी ऑफिसात यायचं, चहा टाकायचा आणि एकमेकींना विचारायचं, "आज डोक्यात काय अडकलं?" एका नव्या मुलीला जखमांचं काहीच आठवत नव्हतं. दारामागच्या खिळ्याला अडकवलेलं दप्तर मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ती त्या दप्तराबद्दल बराच वेळ बोलली, रडली, मग म्हणाली, "आता भूक लागून राहिली." त्यानंतरच तिला घरी सोडलं.

रात्रीचा फोन आठवडाभर एकीकडे असतो. बाकीच्यांनी आपले फोन बंद ठेवायचे, हा नियम. या आठवड्यात कोण उचलणार हे कुटुंबाला आधीच सांगून ठेवतो. त्यांना आवाज ओळखीचा हवा असतो, तो माझाच हवा असं नाही.

डिसेंबर मात्र वेगळा. हिवाळी अधिवेशन आलं की अख्ख्या महाराष्ट्राचे मोर्चे नागपुरात. यशवंत स्टेडियमजवळ धरणी, मॉरिस कॉलेज टी पॉइंटला बॅरिकेड. त्याआधीच २३ नोव्हेंबर येऊन गेलेला असतो. १९९४ साली याच दिवशी गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. झिरो माइलजवळच्या त्या स्मारकापाशी उभं राहून आलं की पुढचे काही दिवस कुणाचंच मन ताळ्यावर नसतं. मग ६ डिसेंबर, १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन, आणि मागून घोषणा थांबत नाहीतच. अधिवेशन उठलं की आम्ही सगळे सुटी घेतो. ती पगारी असते, बजेटमध्येच धरलेली. देणगीदारांना हे पटवायला वेळ लागतो, पण मी हटत नाही. दोन-दोन महिने मानधन थकलेल्या पोरीला प्राणायाम शिकवायला बोलावलं तर मी येणार नाही.

एवढं करूनही कुणी खचतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आम्ही पीडित कुटुंबांना देतो. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणारे उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. प्रत्येकात कार्यकर्ताही आला. दुसऱ्यांच्या हक्कासाठी भांडणारी आपली माणसं हा एक हक्क स्वतःसाठी मागताना फार संकोचतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्यातल्या दोघी उपचार घेतात आणि ते ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा मुलाखतीला जाल तिथे विचारा. रात्रीचा फोन कोण उचलतं? मानधन कोणत्या तारखेला होतं? गावात सोबत कोण येतं? माझ्या समोर बसून कुणी हे विचारलं, तर तिला मी आधी घेईन.