आईंच्या उंचीची बाबागाडी

६ जानेवारी, मंगळवार

छकुली आत्ताच झोपली. १९ तारखेला मला कामावर रुजू व्हायचंय. कायद्याने मिळालेली २६ आठवड्यांची रजा केव्हाच सरली, तिला जोडून घेतलेली साठवणीतली रजाही संपत आली. सकाळी चहा घेताना नवरा म्हणाला, "बाबागाडी घ्यायची म्हणत होतीस ना? कधी घेणार?" आणि तेव्हा लक्षात आलं की ती गाडी मी ढकलणारच नाही. छकुलीला बाहेर न्यायची वेळ संध्याकाळची साडेपाचची, आणि मी साताच्या आत घरी पोचायची नाही. ढकलणार आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ६८, डावा गुडघा दुखरा, उंची जेमतेम चार फूट दहा इंच.

तीन आठवडे मी मोबाइलवर गाड्या बघतेय. गादी किती जाड, छत किती पुढे येतं, रंग मळखाऊ आहे का. आईंना एकदाही विचारलं नाही. हे आज फार लागलं मनाला.

दुपारी विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "अगं, मी कडेवर घेऊन जाईन की. तुझ्या नवऱ्याला बडोद्यातला सगळा दांडिया बाजार मी कडेवरून दाखवलाय." तेव्हा त्या तिशीच्या होत्या, हे मी बोलले नाही. छकुली आता साडेसात किलोची आहे आणि कडेवर असली की चिमणी दिसली तरी अख्खं अंग झोकून देते.

७ जानेवारी, बुधवार

पहिलं दुकान अलकापुरीतलं. काचेच्या आत गाड्या अशा मांडलेल्या की हात लावायचाही संकोच वाटावा. मला आवडलेली मोठी गाडी तिथे होती: चाकं मोठी, सीट काढून उलटी बसवता येते, बाळाचं तोंड आपल्याकडे होतं. वजन अकरा किलो. आमचं घर जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर, लाकडी दादर, वळणावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. अकरा किलो तिथून कोण नेणार? मीसुद्धा नाही नेणार.

दुसरी गाडी छत्रीसारखी मिटणारी, पाच किलोची. विक्रेती म्हणाली, एका हाताने मिटते. मिटलीही, तिच्या हाताने. आईंना घेऊन गेलेच नव्हते, मग कसली परीक्षा आणि कसलं काय. परत आले.

८ जानेवारी, गुरुवार

रात्री छकुलीला पाजताना वाचत बसले होते. ही छत्रीसारखी मिटणारी गाडी एका आजोबांनी काढली! ओवेन मॅक्लारेन नावाचे ब्रिटिश इंजिनिअर, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या पायांवर काम केलेले. त्यांची मुलगी मॉस्कोहून लेकराला घेऊन आली, तिची ती जड गाडी सांभाळताना होणारी ओढाताण त्यांनी बघितली, आणि विमानाचे पाय पोटात मिटतात तशी ॲल्युमिनियमची मिटणारी गाडी आखली. साल १९६५. वजन तीन किलोच्याही आत. त्याआधीच्या गाड्या म्हणजे बग्ग्याच होत्या. १७३३ मध्ये विल्यम केंटने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी केलेली गाडी तर बकरीने किंवा तट्टाने ओढायची होती.

हे सकाळी आईंना सांगितलं. त्यांना बकरीची गंमत वाटली, पण आजोबांचं ऐकून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी लेकीचे हात बघितले." मी दिवसभर तेच घोळवत होते. गाडी बाळासाठी असते, तिची घडण मात्र ढकलणाऱ्याच्या हातापायांवरून ठरते. आमच्याकडे ते हातपाय आईंचे.

मग माळ्यावरचा पांगुळगाडा निघाला. नवऱ्याचा, त्याआधी त्याच्या काकांचा. तीन चाकं, शिसवी, दांडी हातांनी झिजून गुळगुळीत. छकुली त्याला धरून उभी राहील तेव्हा राहील; आईंनी तो पुसून, तेलाचा हात फिरवून दारामागे ठेवला.

१० जानेवारी, शनिवार

आज आईंना घेऊन रावपुऱ्यातल्या एका जुन्या दुकानात गेले. साधं दुकान, लहान मुलांच्या सायकली, पाळणे, गाद्या, सगळं वरपासून खालपर्यंत टांगलेलं. दुकानदारकाकांनी मला काही दाखवण्याआधीच सांगितलं, "बाने ज चलाववा आपो ने, बेन." बांना, म्हणजे आईंनाच, ढकलू द्या. अलकापुरीत हे कुणी सुचवलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं.

तासभर आई त्या दुकानात गाड्या ढकलत होत्या. काय काय कळलं! मोबाइलवर वाचलेल्या कुठल्याच यादीत हे नव्हतं. छत्रीसारख्या गाडीच्या मागच्या आडव्या दांडीला त्यांचा पाय दर पावलाला आपटत होता. आणि साडी. आई रोजची पाचवारीच नेसतात, निऱ्या चालताना पुढे झुलतात, त्या मागच्या चाकात जात होत्या. एकदा गेल्याच. काठ आसात अडकला, आई थबकल्या, मी धावले. रस्त्यावर असं झालं असतं तर गाडी पुढे आणि आई खाली.

ब्रेकचंही तसंच. काही गाड्यांचा ब्रेक पायाने खाली दाबला की लागतो, सोडायला मात्र बोटांच्या वरच्या बाजूने वर उचलावा लागतो. बूट घातलेल्याला ठीक आहे. आईंच्या पायात अंगठ्याची चप्पल. दोनदा केल्यावर त्यांनी पाय चोळला आणि बोलल्या काहीच नाही. त्या बोलत नाहीत, हीच तर अडचण आहे. मी लावायला आणि सोडायला दोन्हीकडून दाबायचे ब्रेक असलेल्या गाड्याच बाजूला काढायला सांगितल्या.

पट्टा पाच ठिकाणी धरणाराच हवा, यावर मी अडून बसले. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक मांड्यांमधून. नुसता पोटावरचा पट्टा असला की छकुलीसारखी मुलगी पुढे वाकते आणि घसरते. पाठ किती मागे जाते तेही बघितलं. मान धरत नाही तोवर बाळाला जवळजवळ आडवंच ठेवावं लागतं, म्हणून नुसत्या बसत्या गाड्या सहसा सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी. आमची आता टेकून बसते, पण फिरताना झोपणारच. झोपली की पाठ खाली करता यायला हवी, तीही बाळाला न उठवता.

मिटतानाचे सांधे मी बोट घालून तपासले. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्या परत मागवाव्या लागल्या होत्या, बिजागरीत मुलांची बोटं सापडून कापली गेली म्हणून. उघडता-मिटताना बाळ हाताच्या अंतरावर नको, हे आईंना तीनदा सांगितलं. त्यांनी तीनही वेळा "हो गं" म्हटलं.

घेतली काहीच नाही. दोन बाजूला ठेवल्यात: पाच किलोची एक आणि आठ किलोची एक.

११ जानेवारी, रविवार

आठ किलोचीवर मन बसलंय. तिचं हँडल पलटतं. सीट काढायची नाही, उलटी बसवायची नाही. हँडल वरून पलीकडे ढकललं की बाळाचं तोंड आपल्याकडे. ब्रिटनमध्ये बहुतेक गाड्यांमध्ये बाळाची पाठच ढकलणाऱ्याकडे असते. त्यावर २००८ मध्ये डंडी विद्यापीठातून एक पाहणी निघाली. समोरासमोर बसलेल्या बाळांशी आयाबाप जवळपास दुप्पट बोलत होते. मला त्या पाहणीची गरज नव्हती. आई छकुलीशी अखंड बोलतात. "ही बघ म्हैस, ही काय म्हणते?" मग थांबतात, छकुलीच्या तोंडाकडे बघतात, तिचा "अँ" आला की पुढचं वाक्य. तोंडच दिसलं नाही तर हे थांबणं कुठून येणार? मी दिवसभर नसणार. माझ्या लेकीची मराठी या फेऱ्यांत होणार आहे, शेजारच्या गुजरातीत मिसळून, आमची सगळ्यांची झाली तशीच.

नवरा सकाळी दुकानात जाऊन पुन्हा बघून आला. म्हणाला, हँडल पलटलं की फिरती पुढची चाकं मागे येतात, गाडी वळायला जड जाते. खरंय. म्हणून रहदारीत तोंड पुढे, सुरसागर तळ्याच्या काठी सपाटीवर तोंड आजीकडे, असं मी मनाशी ठरवलं.

पण आठ किलो आणि दुसरा मजला. पाच किलोची घेतली तर वजनाचा प्रश्न सुटतो आणि बाकीचं सगळं राहतं. बिछान्यात पडून आकडेच फिरवत होते.

१२ जानेवारी, सोमवार

तिढा मी नाही सोडवला. आईंनी सोडवला, तोही न बोलता. दुपारी खाली गेल्या, तळमजल्यावरच्या शेजारीण बांकडे. अर्ध्या तासाने वर आल्या आणि म्हणाल्या, "दादराखाली जागा आहे. त्यांनी कोळशाचा जुना डबा काढायला सांगितलाय." बा म्हणे लगेच म्हणाल्या, "अहीं मूको ने, शुं वांधो छे?" इथेच ठेवा, काय हरकत आहे? गाडी वर न्यायचीच नाही! छकुली कडेवरून खाली, गाडी दादराखालून बाहेर. तीन आठवडे मी कमी वजनाची गाडी शोधत होते.

संध्याकाळी गाडी आणली. निळी. ९,२०० रुपये.

१३ जानेवारी, मंगळवार

पहिली फेरी. आई, छकुली आणि मी, हात मागे बांधून. मोठ्या रस्त्याने न जाता गल्लीतून गेलो. सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलं होतं की गाडीतल्या बाळाच्या श्वासात मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण जाऊ शकतं, कारण ते धुराच्या नळ्यांच्याच उंचीवर असतं. सिग्नलला थांबून बघितलं तर स्कूटरचा सायलेन्सर नेमका छकुलीच्या नाकासमोर. मी दुपट्टा टाकायला गेले, पण गाडी झाकली की आत हवा कोंडते, ऊन असलं तर भट्टी होते. सोडून दिलं. दुपट्ट्यापेक्षा गल्लीचा वळसा बरा.

सुरसागरच्या काठी आईंनी हँडल पलटवलं. स्वतः, मला न विचारता. मध्ये उभी सोन्याच्या मुलाम्याची महादेवाची मूर्ती, तिच्यावर उतरतं ऊन. छकुलीची पाठ मूर्तीकडे, तोंड आजीकडे, आणि तिला मूर्तीचं काहीच पडलेलं नव्हतं. पिशवी मी हँडलला लावली, आईंनी काढली. "उचलून घेतलं की गाडी मागे पडेल." काल मीच हे सांगितलं होतं. निऱ्या मात्र त्यांनी आज आखूड खोचल्या होत्या. हे मी सांगितलं नव्हतं.

१७ जानेवारी, शनिवार

उत्तरायण म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण, दोन्ही दिवस गाडी दादराखालीच. वर गच्चीवर "काप्यो छे"चा गजर, खाली गल्लीत दोऱ्यांचा खच. छकुलीला बाहेर न्यायची नाही असं आईंनीच ठरवलं, मांज्याने गळा कापल्याच्या बातम्या दर वर्षीच्या.

आज पुढच्या आठवड्यातलं कमाटीबागेत जायचं ठरलं. १८७९ मध्ये सयाजीरावांनी केलेली बाग, मोठी झाडं, सपाट रस्ते, छकुलीला तिथे सगळीकडे फिरवता येईल. फक्त रिक्षात गाडी बसायला हवी. म्हणून दुपारी खाली रिक्षा उभी करून तालीम केली. मिटून मागच्या सीटपुढे आडवी बसते, रिक्षावाल्या भाईंनी दोरीही दिली.

१९ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. दुपारी एकदा दूध भरून आलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी आईंचा फोन. माझ्या छातीत धस्स झालं. "अगं, काही नाही, गाडी थोडी ओढून चालतेय, पुढच्या चाकाला दोरा गुंडाळलाय. उत्तरायणचा. ब्रेक लावलाय, छकुली बांच्या मांडीवर आहे." मग जवळून छकुलीचा आवाज, मग बांचा, मग पुन्हा आई: "थांब हं, ठेवते. एका हाताने नाही होत."

लवकर निघून घरी पोचले तेव्हा पावणेसात झाले होते. ओटल्यावर गाडी आडवी केलेली, आई शेजारी बसलेल्या, चष्मा नाकावर, हातात भाजीची सुरी. आसाभोवतीचा गुलाबी मांजा त्या एकेक वेढा सोडवत काढत होत्या आणि प्रत्येक वेढा बांच्या मांडीवरच्या छकुलीला दाखवत होत्या. "हा बघ, हा कुठल्या पतंगाचा?" मग थांबून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मी पर्स ठेवली आणि त्यांच्या शेजारी चाक धरून बसले.