खाडी बंद व्हायच्या आत

डिसेंबर लागला की न्यू जर्सीतले बहुतेक हौशी मासेमार रिळं पुसून, होडीवर ताडपत्री ओढून मोकळे होतात. नोव्हेंबरात समुद्रावर जी धमाल असते ती तोवर ओसरलेली असते. बंकर नावाच्या लहान माशांच्या थव्यांमागे लागलेले मोठाले स्ट्राइप्ड बास, म्हणजे अंगावर पट्टे असलेले मासे, किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे निघून गेलेले असतात. मागे उरतो तो खाडीतला माल: नदीच्या तोंडाशी हिवाळा काढणारे लहान-मध्यम बास आणि त्यांचाच छोटा भाऊबंद, व्हाइट पर्च. या उरलेल्या मालासाठी कुडकुडत जावं का, यावर आमच्या घरी मतभेद आहेत. माझ्या मते जावं, पण बासच्या आशेने नव्हे, पर्चसाठी. बास आला तर पाहुणा.

मी मूळचा रेवदंड्याचा, कुंडलिकेच्या खाडीवरचा. आता राहतो मध्य जर्सीत. तिथून सव्वा-दीड तास दक्षिणेला गाडी हाणली की मलिका नदी लागते. ही नदी पाइन बॅरन्सच्या जंगलातून येते. झाडापाल्यातलं टॅनिन आणि जमिनीतलं लोह उतरून पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी झालेलं असतं. खाली ती ग्रेट बे नावाच्या उथळ खाडीत शिरते आणि लिटल एग इनलेट या मुखातून अटलांटिकला मिळते. कांदळवन नाही, मैलोन्मैल खारं गवत. डिसेंबरात ते वाळून पिवळं पडतं. टकर्टनहून एक अरुंद रस्ता या गवतातून थेट खाडीच्या टोकाला, रटगर्स विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्रापर्यंत जातो. लोक त्याला सेव्हन ब्रिजेस रोड म्हणतात, पूल मात्र पाचच आहेत. पलीकडे अटलांटिक सिटीच्या कसिनोंचे मनोरे दिसतात, अलीकडे चिखलात ब्रँट जातीचे लहान रानहंस चरत असतात. यातला बहुतेक टापू संरक्षित असल्यामुळे काठावर फारसे बंगले नाहीत. न्यू जर्सीत हे नवलच म्हणायचं.

आधी कागदपत्रं, कारण आपल्याकडे खाडीत गरवायला कोणी परवाना विचारत नाही आणि इथे विचारतात. खाऱ्या आणि भरती-ओहोटीच्या पाण्यात मासे धरायला पैसे लागत नाहीत, पण सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या बहुतेकांना राज्याच्या सॉल्टवॉटर रजिस्ट्रीत दरवर्षी नाव नोंदवावं लागतं. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. नदीत वर एका ठरावीक हद्दीपलीकडे गेलं की गोड्या पाण्याचा परवाना लागतो आणि तो विकत घ्यावा लागतो. पर्चच्या मागे माणूस वर-वर सरकत जातो, म्हणून मी दोन्ही करून ठेवतो.

बासचे नियम जरा किचकट. 2023 पासून इथे दिवसाला एकच मासा ठेवता येतो आणि तोही 28 इंच भरलेला पण 31 च्या आतला. त्याहून लहान सोडायचा, मोठाही सोडायचा. मोठ्या माद्या लाखांनी अंडी घालतात, त्यांना वाचवायचं हा हेतू. 1980च्या दशकात हा मासा इतका घटला होता की मेरीलँडने 1985 ते 1990 त्याची मासेमारीच बंद ठेवली. साठा नंतर सावरला आणि 2019 साली पुन्हा धोक्याच्या पातळीखाली असल्याचं जाहीर झालं. न्यू जर्सीत हा मासा विकायलाही बंदी आहे. जीवंत किंवा कापलेलं आमिष लावून बास धरायचा तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, हवा. तो बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: 1 जानेवारी ते फेब्रुवारीअखेर नद्या आणि खाड्यांमध्ये बास पूर्ण बंद. समुद्रात चालतो, आत नाही. म्हणून खाडीतल्या हंगामाचं शेपूट 31 डिसेंबरला तुटतं. पर्चला ही बंदी नाही.

माझा जोडीदार म्हणजे आमच्या गल्लीतला एक निवृत्त प्लंबर. त्याची अ‍ॅल्युमिनियमची चपट्या बुडाची होडी आहे, आणि तोंड उघडलं की तक्रारच निघते. पण पाणी कळतं त्याला. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बाससाठीचा जाड रॉड आणि हाताएवढी रबरी मासोळी घेऊन आलो होतो. त्याने ती बघितली आणि एवढंच म्हणाला, "आण, आण. हात गरम राहतील तुझे."

कारण थंडीत माशाची भूकच आटते. पाणी पन्नास अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे दहा सेल्सिअसच्या, खाली उतरलं की बास मंदावतो आणि मोठ्या घासामागे धावत नाही. पर्च मात्र थंड पाण्यातही खातो. लहान घास, सावकाश, पण खातो. म्हणून आम्ही हलके रॉड, सहा पौंड ताण सोसणारी बारीक दोरी, म्हणजे लाइन, आणि सहा नंबरचे बारीक गळ वापरतो. एका दोरीवर वर-खाली दोन गळ, तळाला औंसभर शिसं.

आमिष दोन प्रकारचं. एक ग्रास श्रिम्प, म्हणजे खाडीतली पारदर्शक बारीक कोलंबी, आपल्या जवळ्याहून थोडी थोराड. गवताच्या मुळाशी हातजाळं खरवडलं की मिळते, पण गारठा वाढला की तीही खोल पाण्यात जाते. दुसरा ब्लडवर्म. हा मेन राज्यातल्या चिखलातून हाताने खणून काढतात आणि इकडे डझनाच्या भावाने विकतात. भाव ऐकून पहिल्यांदा मला वाटलं, याच पैशांत बाजारातून पापलेट आलं असतं. किडा गुलाबी, बोटाएवढा लांब. चिमटीत धरला की तोंडातून एक सोंड फटकन बाहेर फेकतो आणि तिच्या टोकाला चार काळे आकडे असतात. हे दात तांब्याच्या खनिजाने टणक झालेले असतात आणि चावले की मधमाशीच्या दंशाइतकं झोंबतं. हातमोजे काढल्याशिवाय किडा लावता येत नाही आणि काढले की तो चावतो, असा हा हिशोब. प्लंबर त्याला डोक्यामागे पकडतो, वर्तमानपत्रावर टाकतो आणि नखाएवढे तुकडे करतो. एका किड्यात पाच-सहा गळ सहज निघतात, त्यामुळे भाव तितका टोचत नाही.

आता पाणी. लहानपणी आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघायची: अष्टमीला सहा वाजता. ते गणित मी इथे लावून पाहिलं. तास जुळत नाहीत, पण भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते ते अगदी तसंच, आणि आवस-पुनवेच्या आसपास उधाण तेही तसंच. फरक उंचीचा. रेवदंड्याला उधाणाचं पाणी तीन-चार मीटर चढतं-उतरतं, इथे जेमतेम मीटरभर. त्यामुळे वाऱ्याला महत्त्व येतं. दोन दिवस वायव्येचा वारा सुटला की तो पाणी समुद्राकडे ढकलतो आणि होडी उतरवायच्या रॅम्पच्या टोकाला नुसता चिखल उघडा पडतो. आणखी एक: मोबाइलवर दिसणारी वेळ बहुतेक इनलेटच्या तोंडाची असते. नदीत वर तीच भरती काही तास उशिरा पोचते. म्हणजे समुद्राकाठी ओहोटी निम्मी झाली तरी नदीकाठच्या लोअर बँक गावच्या पुलाशी पाणी अजून चढतंच असतं. हे समजलं की घाई संपते. घरी निवांत चहा पिऊन निघता येतं.

आम्ही ओहोटी लागण्याच्या सुमारास पाण्यात उतरतो. लाइफ जॅकेट अंगावर, सीटखाली नव्हे. या तापमानाच्या पाण्यात पडलं तर काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात, मग पोहता येण्याचा काही उपयोग नाही. नदीच्या बाहेरच्या वळणावर प्रवाह काठ खणतो आणि तिथे डोह तयार होतो. आजूबाजूला आठ-दहा फूट पाणी आणि मध्येच वीस. पर्च थंडीत अशाच डोहात थव्याने बसतात. इको साउंडरच्या पडद्यावर तळालगत दाट पट्टा दिसला की नांगर टाकायचा. पट्टा नसेल तर पुढचा डोह. प्लंबर एका जागी वीस मिनिटांहून जास्त थांबत नाही, आणि मला वाटतं त्याचं निम्मं कसब एवढंच आहे.

लागण कशी कळते, हे शब्दांत सांगणं कठीण. बोईट ओढतं तशी ओढ नाही. रॉडचं टोक किंचित थरथरतं, टक-टक, आणि थांबतं. पहिल्या टकला हिसका दिला की गळ रिकामा येतो. दुसऱ्यांदा टोक वाकेपर्यंत थांबायचं आणि मनगट नुसतं उचलायचं. बोटं बधिर झालेली असताना हे जमायला वेळ लागतो. मी लाइन तर्जनीवर घेऊन बसतो, टोकाकडे बघण्यापेक्षा ते बरं. एकदा थवा पेटला की दोन्ही गळांवर एकेक येतो. आठ-नऊ इंचांचे असतात. फूटभराचा आला की प्लंबरही तक्रार थांबवतो.

इथे एक सावधगिरी लागते. पर्च आणि स्ट्राइप्ड बास एकाच कुळातले, दोघेही मोरोनी या एकाच वंशातले. आणि त्याच डोहात बासची पोरंही असतात, तेवढीच लांब. ती टोपलीत सापडली तर दंड. पट्टे हा भरवशाचा पुरावा नाही, लहान माशावर ते पुसट असू शकतात. पाठीवर बोट फिरवायचं: पर्चचे पाठीवरचे दोन पर पडद्याने जोडलेले असतात, बासचे सुटे. मग पोटाखाली, शेपटीकडे असलेल्या पराचे काटे बघायचे. पर्चचा दुसरा आणि तिसरा काटा जवळपास सारखा, बासचे पायरीपायरीने वाढत जातात. पर्चचं अंगही पाठीशी उंच, किंचित कुबड काढलेलं. हे तपासताना कल्ल्याच्या कडेने बोट कापतं आणि ते संध्याकाळी लिंबू पिळताना कळतं.

मागच्या डिसेंबरात, नाताळच्या आधी, असेच पर्च येत असताना माझा रॉड एकदम वाकला आणि वाकलेलाच राहिला. रीळ कुरकुरत लाइन सोडू लागलं. सहा पौंडाची लाइन, त्यामुळे ओढाओढीचा प्रश्नच नव्हता. तो जाईल तिकडे जाऊ द्यायचा आणि थांबला की दोन हात लाइन गोळा करायची. "ब्रेक सैल कर, अजून सैल," प्लंबर म्हणत होता आणि दुसऱ्या हाताने नांगर वर घेत होता. थंड पाण्यामुळे मासा उन्हाळ्याइतका उधळत नव्हता, जड होऊन तळाशी बसत होता. बऱ्याच वेळाने तपकिरी पाण्यात पट्टे दिसले. शरीराची ठेवण बघून मला क्षणभर जिताडाच वाटला: तसंच मोठं तोंड, तशीच रुंद पाठ, तसाच खाडीत आणि समुद्रात दोन्हीकडे नांदणारा.

मोजपट्टीवर सव्वीस इंच. 24 ते 28 च्या आतल्या माशासाठी राज्य वेगळं बोनस परमिट देतं, पण ते असतं तरी उपयोग नव्हता. किड्याचं आमिष आणि साधा गळ, म्हणजे सर्कल हुक नसलेला. अशा गळावर लागलेला बास कितीही इंचांचा असला तरी इजा न करता सोडायचा. मोजे काढून, हात ओले करून मी त्याचा खालचा जबडा धरला आणि प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात ठेवला. जबड्याला दात असे नाहीत, सँडपेपरसारखा खरखरीतपणा. थोड्या वेळाने त्याने माझा अंगठा घट्ट आवळला, शेपटीचा एक फटकारा दिला आणि माझ्या बाहीत बर्फगार पाणी भरून निघून गेला. त्यानंतर मी गाडीचा हीटर भेटेपर्यंत एक शब्द चांगला बोललो नाही.

पर्च आम्ही वाटून घेतो. हडसन आणि न्यूअर्कच्या बाजूच्या पाण्यातले मासे खाण्याबाबत राज्याच्या सूचना फार कडक आहेत. मलिकाचं तसं नाही, पण पर्च आणि बास किती वेळा खावा याची मर्यादा राज्य सांगतंच. म्हणून मी हिवाळ्यात मोजक्याच वेळा आणतो, कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकतो. मांस पांढरं, घट्ट, गोडसर, वासाला फार सौम्य. खवले मात्र चिवट, सिंकभर उडतात, आणि त्यावरून बायकोचं म्हणणं स्वतंत्र आहे. आगळ, हळद, तिखट, आलं-लसूण लावून तासभर ठेवायचं आणि रव्यात घोळवून तव्यावर. कालवण करायला मासा लहान पडतो, तुकडे विरतात.

डिसेंबरातल्या माद्यांच्या पोटात गाबोळी धरायला लागलेली असते. वसंतात त्या गोड्या पाण्याकडे अंडी घालायला चढतात, त्याची ही तयारी. प्लंबर मासे रॅम्पवरच साफ करतो आणि ती सरळ सीगलना टाकत होता. मी एकदा ती मागून घेतली, हळद-मीठ लावून तव्यावर परतली आणि दुसऱ्या दिवशी त्याला डब्यातून नेऊन दिली. त्याने झाकण उघडून वास घेतला, काय आहे ते विचारलं आणि उभ्याउभ्या अर्धी संपवली. आता तो निम्मीच देतो.