अ + ३ब = ५क ची न फुटणारी चारच उत्तरं

अ + ३ब = ५क. निगेटिव्ह आकडे नकोत, अपूर्णांक नकोत, बास. आता उत्तरं किती? अनंत, कारण दोन उत्तरं एकमेकांत मिळवली की तिसरं तयार. पण ज्यांना आणखी फोडताच येत नाही, म्हणजे जी दुसऱ्या लहान उत्तरांची बेरीज नाहीत अशी किती? (सगळे शून्य हे फालतू उत्तर सोडून द्या.) चार! क आपोआप निघतो म्हणून नुसते अ आणि ब लिहितो: (५,०), (२,१), (१,३), (०,५). बाकी सगळं यांच्यातूनच येतं, (७,६) घ्या, तीनदा (२,१) आणि एकदा (१,३), झालं.

अशी यादी नेहमी मर्यादितच असते हे जर्मन गणितज्ञ पॉल गॉर्डनचं १८७३ चं काम, नाव मात्र नंतर पडलं हिल्बर्ट बेसिस. इथे कारण अगदी सोपंय, कुठल्याही उत्तरातून (५,०) आणि (०,५) जमेल तितक्या वेळा वजा करत जा, जे उरेल ते ५ बाय ५ च्या चौकोनात अडकलेलं असणार, आणि चौकोनात बिंदू ते किती असणार. मूळसंख्यांसारखं वाटतं ना? पण इथे फोड एकच नसते, (२,१) + (०,५) केलं तरी (२,६) आणि (१,३) ची दुप्पट केली तरी (२,६).

मला खरी मजा वाटते ती चित्रात. ग्राफ पेपरवर शून्य सोडून सगळ्या उत्तरांवर खिळे ठोकलेत समजा, (५,०) पासून (०,५) पर्यंत शून्याच्या बाजूने दोरा लावला आणि ताणला, तर तो (२,१) वर अडकून वळतो आणि (१,३) ला चाटून जातो. म्हणजे आपले चारही बिंदू बरोब्बर दोऱ्यावर, दुसरा एकही नाही! शिवाय मधल्या प्रत्येक बिंदूच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज त्याच्याच पटीत येते: (५,०) + (१,३) म्हणजे (२,१) ची तिप्पट, आणि (२,१) + (०,५) म्हणजे (१,३) ची दुप्पट. ३ आणि २. आता समीकरणातला ५ आणि (२,१) मधला २ घेऊन ५/२ = ३ − १/२ लिहून बघा, वजावाला कंटिन्यूड फ्रॅक्शन (पूर्ण संख्येतून एक भागिले काहीतरी वजा, असं करत जायचं), तेच ३ आणि २. हे योगायोगाने होत नाही, दोन मितीत कायम असंच.

तीन मितीत गेलं की हे सुख संपतं. अ + ब = २प आणि ब + क = २फ घ्या, म्हणजे अ, ब, क तिन्ही सम नाहीतर तिन्ही विषम. न फुटणारी उत्तरं (२,०,०), (०,२,०), (०,०,२) आणि (१,१,१). पहिल्या तिघांत प्रत्येकाच्या आकड्यांची बेरीज २ आणि (१,१,१) ची ३, म्हणजे दोऱ्याच्या जागी आता जो पडदा ताणला जातो त्याला हा बिंदू शिवतच नाही, आत लांब बसलेला असतो आणि तरी फुटत नाही. त्यामुळे नुसती कड बघून यादी काढायचा शॉर्टकट इथे गेला.

एक गोष्ट मात्र तीन मितीतही टिकते, कुठलंही उत्तर बांधायला यादीतली जास्तीत जास्त तीनच वेगवेगळी लागतात, जशी दोन मितीत दोन पुरतात. मग जितक्या मिती तितकीच पुरतील असं वाटणं साहजिक होतं, पण १९९९ मध्ये ६ मितीतलं एक उदाहरण सापडलं जिथे सहा पुरत नाहीत.