पाच मिनिटांत मिटणारं भांडण

"मॅडम, जे भांडण तुम्ही पाच मिनिटांत मिटवू शकता, ते पोरांच्या हाती कशाला देता?" आजूबाजूच्या शाळांच्या केंद्रात भरणाऱ्या शिक्षण परिषदेत हा प्रश्न येतो, पालकसभेत येतो, आणि चोपड्याच्या बसमध्ये शेजारी कुणी शिक्षक बसले की हमखास येतो. आमच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते आठवीची भांडणं शक्यतो मुलंच मिटवतात. दोन शिकवून तयार केलेले मध्यस्थ, भांडलेले दोघं, व्हरांड्याच्या टोकाला सतरंजी, आणि खिचडी खाऊन झाल्यावर उरलेली मधली सुट्टी. एवढाच पसारा. तुम्हीही हेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या पाच मिनिटांत आपण शिक्षक काय करतो? दोघांना उभं करतो. "सुरुवात कोणी केली?" विचारतो. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. साक्षीला तिसऱ्याला बोलावतो, तो आपल्या गल्लीतल्याची बाजू घेतो. मग आपण निकाल देतो: तू माफी माग, आणि तू परत त्याच्या वाटेला जाऊ नकोस. जमिनीकडे बघत माफी मागितली जाते. आपला तास सुरू होतो, आणि भांडण शाळा सुटल्यावर नाल्यापाशी पुढे चालू राहतं. निकालात एक जण हरतो, आणि हरलेला विसरत नाही. म्हणून मी पाच मिनिटांत भांडण मिटवू शकते हेच मला मान्य नाही. मी ते फक्त थांबवू शकते.

दुसरं कारण भाषेचं. सातपुड्याच्या पायथ्याची शाळा आमची. घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी पावरी, लेवा घरांची बोली आणखी निराळी. पोरं भांडतात ती घरच्या भाषेत. माझ्यासमोर उभी राहिली की पुस्तकातली मराठी सुरू होते, आणि त्या मराठीत सगळं पोलिसांना दिलेल्या जबाबासारखं होऊन जातं. "मॅडम, त्याने मला विनाकारण मारले." विनाकारण! हा शब्द ते पोरगं एरवी जन्मात वापरत नाही. मला अहिराणी येते, पावरी मात्र ऐकून थोडीच कळते. आमच्या सातवीतल्या एका मध्यस्थ मुलीला दोन्ही येतात. मराठी बोलायची वेळ आली की ती लाजते, वर्गात तिचा हात कधी वर जात नाही, पण सतरंजीवर तिच्याइतकं चांगलं ऐकणारं दुसरं कुणी नाही.

कसं चालतं ते एका भांडणावरून सांगते. सातवीतल्याच दोघी, जिवाभावाच्या. एकीच्या घरचे दसऱ्यानंतर कापूस वेचणीला दुसऱ्या तालुक्यात गेले, तिलाही नेलं. दिवाळीनंतर ती परतली तेव्हा तिच्या जागेवर तिसरीच मुलगी बसलेली. त्यावरून बाचाबाची, मग वेणी ओढणं, वही फाडणं. माझ्याकडे आलं असतं तर मी वहीचा निकाल दिला असता: फाडलीस ना, भरून दे.

मध्यस्थांनी आधी नियम सांगितले. एकीचं बोलणं संपेपर्यंत दुसरीने बोलायचं नाही, शिवी नाही, इथलं बोलणं गावात न्यायचं नाही. मग दोघींना आळीपाळीने बोलू दिलं. जी गावात राहिली होती ती बराच वेळ वहीबद्दलच बोलत होती. मध्येच म्हणाली, "तिनी माले सांगंच नही." मध्यस्थ मुलीने तेवढंच धरलं: "तू म्हनस का, ती तुले न सांगता गई, ते तुले वाईट वाटनं. बरोबर शे का?" त्यावर ती रडली. दुसरीने सांगितलं की टेम्पो पहाटे आला, तिलाही आदल्या रात्रीच कळलं होतं. आणि परत आल्यावर गणिताचं काहीच समजत नव्हतं, म्हणून तिला शेजारी जुनीच मैत्रीण हवी होती. भांडण वहीचं नव्हतंच. ठरलं ते असं: संध्याकाळी गणिताची वही द्यायची, फाटलेली पानं दोघींनी मिळून उतरवायची, आणि जागा आठवडाआड बदलायची, कारण तिसऱ्या मुलीला उठवणं दोघींनाही पटेना. हे शेवटचं मला कधीच सुचलं नसतं. कागदावर लिहून सह्या झाल्या, आणि आठवडाभराने मध्यस्थांनी जाऊन विचारलं, चाललंय का. हा विचारायचा भाग गाळला की बाकीचं फार टिकत नाही.

गावातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "ताई, ही तं पोरांची तंटामुक्ती समिती!" १५ ऑगस्ट २००७ पासून आर. आर. पाटलांच्या पुढाकाराने तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिचा रंग उडालेला फलक आमच्याही वेशीवर आहे. तुलना मला आवडते, पण पूर्ण पटत नाही. समितीत गावातली वजनदार माणसं बसतात, आणि त्यांचा शब्द मोडवत नाही म्हणून बरेच तंटे मिटतात. आमच्या मध्यस्थाला वजन नसणं हीच सोय आहे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही मध्यस्थाने तडजोड लादायची नाही असंच आहे. तो कायदा अर्थात मोठ्यांसाठी.

कल्पना काही माझी नाही. १९७२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या शिक्षकांनी शाळांत भांडण हाताळायला शिकवणं सुरू केलं. पुढे अमेरिकेत अनेक शाळांत विद्यार्थी-मध्यस्थ दिसू लागले. मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे भाऊ म्हणत आले की मोजके मध्यस्थ निवडण्यापेक्षा वर्गातल्या प्रत्येकाला हे शिकवा आणि आळीपाळीने बसवा. तत्त्वतः मला ते पटतं. पण एकाच शिक्षकाने अनेक वर्ग सांभाळायच्या शाळेत तेवढा वेळ कुठून आणायचा, म्हणून आम्ही मोजक्यांवर भागवतो.

स्टाफरूममध्ये विषय निघाला की कुणीतरी साने गुरुजींचं नाव काढतंच. १९२४ ते १९३० गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, वसतिगृहही सांभाळायचे. "गुरुजींना कुठे लागले होते मध्यस्थ?" खरंय, नव्हते लागले. पण साने गुरुजी असणं ही काही शाळेची पद्धत म्हणून लावता येत नाही.

शिकवताना सगळ्यात जड जातं ते निकाल न देणं. मी आणि आमचे एक सर खोटं भांडण करतो आणि मुलांना मध्यस्थी करायला लावतो. दुसऱ्याच मिनिटाला आवाज येतो, "मॅडम, चूक सरांनी शे!" सरांनाही मग वाईट वाटतं. दोष पोरांचा नाही. त्यांनी बाप पाहिलाय, पंच पाहिलाय, क्रिकेटचा अंपायर पाहिलाय, आणि आम्हाला पाहिलंय. सगळे बोट वर करणारे. म्हणून सरावाच्या काळात "चूक" हा शब्दच बंद असतो. काय झालं, तेव्हा तुला काय वाटलं, आता काय व्हायला हवं, एवढंच विचारायचं, आणि समोरच्याचं बोलणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. निवडताना मी मॉनिटर सहसा टाळते. फळ्यावर नावं लिहायची सवय हाताला लागलेली असते.

आता जिथे मी मुलांना बसू देत नाही, तेही सांगायला हवं, कारण विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा हीच धास्ती असते. धास्ती रास्त आहे. अंगाला नको तसा हात लावणं, जातीवरून शिवी, घरची मारहाण, कुणाच्या दप्तरात चाकू: इथे मध्यस्थी नाही. मध्यस्थांनाही पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं की गुपिताचा नियम इथे संपतो, तडक मॅडमकडे यायचं. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे, आपसात मिटवण्याचा प्रश्नच येत नाही.

याहून अवघड असतं ते वरून साधं दिसणारं. एका बाकावर शेतमालकाचा मुलगा, शेजारी त्याच्याच सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा. बॅटवरून भांडण. सतरंजीवर बसवलं तर सालदाराचा मुलगा सगळ्याला हो म्हणेल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बापाचं पुढच्या वर्षाचं साल ठरायचं आहे, आगाऊ उचल घेतलेली आहे, हे त्या पोराला आपल्यापेक्षा नीट कळतं. अशी समजूत कागदावर झकास दिसते. एक जण दुसऱ्याला घाबरत असेल, किंवा रोज एकच जण सोसत असेल, तर ते भांडण नाही, छळ आहे, आणि छळाला दोन बाजू नसतात. तिथे दोघांशी वेगवेगळं मीच बोलते, गरज पडली तर मालकाच्या ओट्यावरही जाते. तिथला चहा फारसा गोड लागत नाही.

आणि छडी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ती केव्हाच बंद केली. तरी पालकसभेत एखादे आबा म्हणतातच, "मॅडम, दोन फटका द्या, सोडा ते सतरंजी." मी त्यांनाच एकदा सरावाला बसवलं, दुसऱ्या एका पालकासोबत मध्यस्थ म्हणून. पाण्याच्या पाळीचं खोटं भांडण होतं. आबांनी उभ्याउभ्याच निकाल दिला, आणि आठवीची पोरं त्यांना नियम सांगायला लागली.

तुमच्या शाळेत करून बघायचं असेल तर जुलैमध्येच सुरू करा, आणि मध्यस्थ लागतील त्याच्या दुप्पट तयार करा. दसऱ्यानंतर अर्धे मध्यस्थ कापसाच्या शेतात असतात.