मॅनिक मायनरची एकोणिसावी गुहा: माझा अनुभव

मॅनिक मायनर फसवणूक न करता शेवटपर्यंत खेळायचा निश्चय केलेल्यांनी एकोणिसाव्या गुहेसाठी वेगळा वेळ राखून ठेवावा, कारण आधीच्या अठरा गुहांनी मिळून मला जेवढे छळले नाही तेवढे त्या एकीने छळले. खेळ संपून बरेच दिवस झाले तरी तिचे नाव निघाले की माझे डोके अजून तापते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅथ्यू स्मिथ या १७ वर्षांच्या इंग्रज मुलाने १९८३ साली झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी तो लिहिला. खाणकामगार विलीला एकूण २० गुहा पार करायच्या असतात. प्रत्येक गुहा म्हणजे एकच स्थिर पडदा, त्यात लुकलुकणाऱ्या वस्तू गोळा करायच्या, त्या सगळ्या मिळाल्यावर उघडणाऱ्या दारात शिरायचे, आणि हे सारे तळाशी दिसणारी हवेची पट्टी संपण्याच्या आत. आपल्याकडे परवान्याने तयार झालेला डीबी स्पेक्ट्रम प्लस ज्यांनी पाहिला आहे त्यांना कॅसेट लोड होतानाची किरकिर आठवत असेल. मी मात्र लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे त्या जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घेऊन खेळलो, त्यामुळे त्या वाट पाहण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती विलीच्या चालण्याबद्दल आणि उडी मारण्याबद्दल.

कीबोर्डची मांडणी प्रथमदर्शनी मोठी उदार वाटते. क्यू ते पी या ओळीतली बटणे एकाआड एक डावी आणि उजवी अशी वाटून दिली आहेत, म्हणजे क्यूने विली डावीकडे जातो, डब्ल्यूने उजवीकडे, ईने पुन्हा डावीकडे. सर्वांत खालची अख्खी ओळ उडीची. या उदारतेचा परिणाम असा की बोट एक बटण बाजूला सरकले तर विली थांबत नाही, थेट उलट दिशेला निघतो. म्हणून ओळीच्या टोकाची ओ आणि पी ही दोनच बटणे वापरावीत आणि उडीसाठी स्पेसबार. त्यातही कॅप्स शिफ्ट आणि स्पेस ही दोन्ही उडीचीच बटणे असली तरी ती एकत्र दाबली गेली की चालू खेळ तत्काळ बंद होऊन सुरुवातीचा पडदा येतो. उडीच्या दोन बटणांच्या संगमावर बाहेरचा दरवाजा ठेवण्याची कल्पना कोणत्या घटकेला सुचली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

खरा त्रास पुढेच आहे. विलीचे पाय एकदा जमिनीवरून सुटले की तो तुमचे काहीही ऐकत नाही. उडी किती उंच आणि किती लांब हे ठरलेले असते, हवेत दिशा बदलता येत नाही आणि उडी आखूडही करता येत नाही. डोके वरच्या भिंतीला लागले तर तो जागच्या जागी सरळ खाली येतो, कड्यावरून चालत गेला तरी सरळ खालीच पडतो, आणि फार उंचावरून पडला तर मरतो. पाठ फिरवायलाही एक क्षण लागतो, कारण उलट दिशेचे बटण दाबल्यावर विली आधी नुसता वळतो आणि मग चालू लागतो. आजच्या खेळांची सवय असलेल्या बोटांना हे सारे अपमानास्पद वाटते. माझ्या बोटांना तरी वाटले.

एकोणिसाव्या गुहेचे नाव सोलर पॉवर जनरेटर. तिथे वरून एक प्रकाशाचा झोत खाली येतो. वाटेत एखादा पहारेकरी, म्हणजे ठरलेल्या वाटेने ये-जा करणारा आणि नुसत्या स्पर्शाने विलीला मारणारा शत्रू, आडवा आला की तो झोत काटकोनात डावीकडे वळतो, पुढे आणखी एखादा भेटला की पुन्हा खाली, आणि पहारेकरी सतत हलत असल्यामुळे झोताचा मार्गही सतत बदलत राहतो. या झोताने विली मरत नाही, आणि नेमका तिथेच घात होतो. पहारेकऱ्याला धक्का लागला तर निदान निकाल तरी लगेच लागतो. झोतात मात्र विली धडधाकट चालत राहतो आणि तेवढ्या वेळात हवेची पट्टी भराभर आखडत जाते. मग सगळ्या वस्तू हाती आलेल्या असताना, दार लुकलुकत असताना, हवा संपते आणि गुहा पहिल्यापासून सुरू होते, एकही वस्तू हाताशी न ठेवता.

झोत समोर आला की थांबावे, ही सहजबुद्धी इथे निरुपयोगी ठरते, कारण थांबण्यातही हवा जाते आणि थांबल्याने पहारेकऱ्यांशी जुळलेला मेळ मोडतो. उडीच्या मध्यावर झोत वळून अंगावर आला तर परत फिरण्याचा मार्गच नसतो. ज्या कोणत्या क्षणी उडी मारली, त्या क्षणी पुढचे सगळे ठरून गेलेले असते. कित्येक संध्याकाळी मी याच ठिकाणी लॅपटॉप आपटून मिटला आहे, आणि घरातल्यांनी मला त्या काळात फारसे प्रश्न विचारले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

सुटका झाली ती एका गोष्टीमुळे. या खेळात नशिबाला जागा नाही. गुहा नव्याने सुरू झाली की प्रत्येक पहारेकरी पुन्हा त्याच जागेवरून, त्याच गतीने निघतो, म्हणून झोतही प्रत्येक वेळी तसाच वळतो. तेव्हा पडद्याकडे पाहून निर्णय घेणे मी सोडून दिले आणि सुरुवातीच्या क्षणापासून किती पावले, कुठे उडी, कुठे क्षणभर थांबा, असा क्रम कागदावर लिहून काढला. एकाच जागेवर सतत हवा जात असेल तर तिथली उडी आणखी चपळाईने मारण्यापेक्षा त्याआधीचा एखादा थांबा कमीजास्त करून पाहावा. बहुधा गाठ तिथेच सुटते.

सरावासाठी थेट या गुहेत जाता येते. मूळ आवृत्तीत खेळ चालू असताना ६०३१७६९ हा आकडा टाइप केला की जिवांच्या शेजारी एक बूट दिसू लागतो. त्यानंतर २ आणि ५ धरून ६ दाबले की एकोणिसावी गुहा समोर येते. नंतरच्या आवृत्तीत हा आकडा चालत नाही, तिथे टाइपरायटर हा शब्द इंग्रजीत टाइप करावा लागतो. मात्र हा बूट असताना खेळ संपवला तर शेवटचे चित्र दिसत नाही, म्हणून सरावानंतर खेळ पुन्हा लोड करून सुरुवातीपासून खेळावा.

वर उभ्या विलीला एका दिशेने ओढून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यांचे सांगायचे राहिले, खरे तर ते पहिल्याच गुहेत लागते. पट्ट्याचा ओढा म्हणजे खेळाच्या लेखी त्या दिशेचे बटण कायम दाबलेले असणे. दोन्ही दिशा एकदम दाबल्या गेल्या की विली आधी जे करत होता तेच चालू ठेवतो. म्हणून उलट दिशेचे बटण धरूनच त्या दिशेने पट्ट्यावर उतरले तर त्याला ओढ्याविरुद्ध चालता येते, आणि बटण सोडले की पट्टा जिंकतो.

विसावी गुहा मी ज्या उत्साहात पार केली त्यात ती अवघड होती की सोपी हे नीटसे आठवत नाही. शेवटी विली जमिनीवर येतो, दारावर तलवार आणि मासा असे चित्र उमटते, आणि खेळ कसलाही समारंभ न करता तुम्हाला पुन्हा पहिल्या गुहेत नेऊन सोडतो. मला त्या माशाचा अभिमान आहे, हे मी लपवणार नाही.

आणखी एक, सुरुवातीला तीनच जीव मिळतात, पण दर १०,००० गुणांना एक वाढतो आणि गुहेच्या शेवटी उरलेल्या हवेचे गुण मिळतात. तेव्हा सोप्या गुहांत रेंगाळू नये, तिथे वाचवलेली हवा एकोणिसाव्या गुहेत जीव होऊन उपयोगी पडते. आणि खेळताना सतत वाजणारी, ग्रीग या संगीतकाराची तीच ती धून असह्य झाली तर एच ते एंटर या बटणांपैकी कोणतेही एक दाबून ती बंद करता येते.